उथळ खाडी आणि हलकी होडी



होडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे शीड येतं, डोलकाठी येते, नाहीतर यंत्राची धडधड ऐकू येते. आज जिची हकीकत सांगायची आहे, त्या होडीला यातलं काहीच नाही. एका गड्याने उचलावी, एकानेच बसून वल्हवावी आणि गुडघाभर पाण्यातही ती तरंगावी. तिचं नाव कायाक. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या किनाऱ्यावर हौशी मासेमार या होडीतून मोठमोठे मासे गळाला लावतात. पण ते मासे तिथे आज आहेत, यामागे एक झगडा आहे.

आधी होडीचं कूळ पाहू. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ मुलखात झाडं वाढत नाहीत. तिथल्या इन्युइट लोकांनी समुद्रातून वाहून आलेली लाकडं आणि हाडं जोडून सांगाडा केला, आणि त्यावर सीलचं कातडं शिवून ताणून बसवलं. वल्हं एकच, त्याच्या दोन्ही टोकांना पाती. आवाज न करता सावजाजवळ पोचता यावं, म्हणून ही युक्ती. हौस नव्हे, पोटाचा प्रश्न! पुढे 1865 साली जॉन मॅकग्रेगर नावाच्या स्कॉटिश वकिलाने साधारण त्याच धर्तीची लाकडी होडी बांधून युरोपातील नद्यांमधून प्रवास केला, आणि शहरी लोकांना या होडीचा नाद लागला. 1970 च्या दशकात ती साच्यातून प्लास्टिकची निघू लागली. स्वस्त झाली, आणि दगडावर आपटली तरी फुटेना.

आता टेक्सासच्या पाण्याकडे वळू. तिथे किनाऱ्याला समांतर वाळूची लांबच लांब बेटं आहेत. बेटं आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये जे पाणी अडलेलं आहे, त्यातील एका भागाला लगूना माद्रे म्हणतात. स्पॅनिश भाषेत माद्रे म्हणजे आई. नाव किती योग्य आहे, बघा! सरासरी खोली जेमतेम मीटरभर. तळाला समुद्रगवताची कुरणं. त्या गवतात कोळंबी, खेकडे आणि माशांची पिल्लं वाढतात.

इथला मानाचा मासा म्हणजे रेडफिश. तांबूस अंगाचा, शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका असलेला. आपल्याकडचे घोळ आणि ढोमा ज्या कुळातले, त्याच कुळातला हा. पोटातली हवेची पिशवी थरथरवून तो ढोलासारखा आवाज काढतो. खेकडे शोधताना तो डोकं तळाशी खुपसतो, आणि शेपटी पाण्याबाहेर हलताना दिसते. यंत्राची होडी आली की पळालाच म्हणून समजा. कायाक मात्र त्याला चाहूल लागू न देता जवळ जाते. सील टिपण्यासाठी जी युक्ती काढली, ती इथे अशी उपयोगी पडली.

पण मासाच उरला नसता तर? 1970 च्या दशकात जाळ्यांचा मारा वाढला आणि खाडीतले रेडफिश झपाट्याने कमी झाले. 1981 साली टेक्सासने कायदा करून तिथल्या पाण्यातला हा मासा विकण्यावर बंदी घातली. तेवढ्यात लुइझियानातील पॉल प्रुडोम या आचाऱ्याची एक पाककृती देशभर गाजली : रेडफिशला मसाला फासून तापलेल्या तव्यावर काळाभोर भाजायचा. हॉटेलांतून मागणी इतकी वाढली, की पर्ससीन जाळी खोल समुद्रातल्या अंडी घालणाऱ्या मोठ्या माशांवर पडली. अखेर 1986 साली केंद्र सरकारने तातडीने ती मासेमारी आवरली. त्यातच 1983 आणि 1989 च्या कडाक्याच्या थंडीत उथळ खाडीतले लाखो मासे मेले.

या बंदीची किंमत जाळीवाल्या कोळ्यांनी मोजली, हे विसरता कामा नये. बापजाद्यांचा धंदा गेला, आणि मासा उरला तो हौशी गळवाल्यांसाठी. 'मासा कोणाचा?' हा प्रश्न तिथे कडवटपणे विचारला गेला, आणि तो खोटा नव्हता. म्हणून गळवाल्यांनाही नियम लागले. 20 इंचांहून लहान मासा परत सोडायचा. 28 इंचांहून मोठाही, ठरावीक परवानगीचा अपवाद सोडला तर, परत सोडायचा, कारण पुढच्या पिढीची अंडी त्याच्याकडे. सरकारी केंद्रांत पिल्लं वाढवून खाडीत सोडण्यात आली. हळूहळू मासा परतला.

मग ध्यानात आलं, की मासा राखला तरी गवत नाही राखलं तर सारं व्यर्थ. उथळ पाण्यात यंत्राचा पंखा तळ नांगरतो. एकेक चर भरून यायला वर्षं लागतात. 2006 साली रेडफिश बे या भागात आणि 2013 साली राज्याच्या सगळ्या किनाऱ्यावर समुद्रगवत उपटणं गुन्हा ठरलं. कायाकला पंखाच नाही. कायाकने मासा वाचवला असं मी म्हणत नाही. तो वाचवला नियमांनी आणि सोसलेल्या नुकसानीने. पण राखलेल्या पाण्यात कसं वावरावं, हे ती होडी दाखवते.

आपले कोळी बांधव पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मगच मासेमारीला जातात. गुरुजींनी शाळेत या सणाची गोष्ट सांगताना त्या दूरच्या खाडीचीही सांगावी. दर्या देतो हे खरं. पण त्याला सवड दिली, तरच देतो.