गोव्यातील खाणपट्ट्याचे बदलते भूदृश्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

गोव्यातील लोहखनिज व्यवसायाचा इतिहास बहुधा निर्यातीच्या आकड्यांतून सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात तो डिचोली, सत्तरी, सांगे व केपे या तालुक्यांच्या भूमीवरून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. येथील बदल डोंगरांच्या ऱ्हासाइतकाच पाण्याच्या स्थानांतराचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पोर्तुगीज राजवटीने १९०६ च्या वसाहती खाण कायद्याखाली दिलेल्या सवलतींना कालमर्यादा नव्हती. १९६१ च्या मुक्तीनंतरही त्या चालू राहिल्या. १९८७ च्या केंद्रीय कायद्याने त्यांचे भाडेपट्ट्यांत रूपांतर केले. या साऱ्या कागदोपत्री व्यवहारात डोंगर म्हणजे केवळ खनिजाचा साठा. वस्तुतः जांभ्याचे हे सच्छिद्र डोंगर पावसाचे पाणी मुरवून पायथ्याचे झरे, विहिरी व कुळागरे जगवीत असत.

एक टन खनिजामागे सुमारे अडीच ते तीन टन टाकाऊ माती निघते. त्यामुळे डोंगराच्या जागी खंदक आणि शेजारी मातीचा नवा डोंगर, अशी उलटापालट झाली. या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावण्यात आली. दुरून हिरवळ दिसते खरी, परंतु तिला वन म्हणणे धाडसाचे ठरेल. पावसाळ्यात तेथील माती ओहोळांवाटे भातशेतीत उतरते. खंदक भूजलपातळीखाली गेल्यावर पाणी उपसणे अपरिहार्य झाले व भोवतालच्या विहिरी आटू लागल्या. लईराई देवीच्या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेले शिरगाव हे याचे ठळक उदाहरण होय.

२०१२ मध्ये उत्खनन थांबले. मर्यादित स्वरूपात ते पुन्हा सुरू झाले, परंतु २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले. खाण बंद करण्याचा आराखडा २००३ पासून बंधनकारक होता. मात्र असा आराखडा नियोजित शेवट गृहीत धरतो, येथे तो न्यायालयीन आदेशाने आला. उतार अर्धवट राहिले आणि उपसा थांबताच अनेक खंदकांचे जलाशय झाले. ज्या खंदकांनी विहिरी आटविल्या, त्यांपैकी काहींचे पाणी पुढे उन्हाळ्यात नद्यांत सोडून पाणीपुरवठ्यास वापरले गेले.

लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झाले. ज्या खंदकांत आज पाणी आहे, तेथे खनिज काढण्यापूर्वी ते उपसावे लागेल. भाडेपट्ट्याच्या परिभाषेत ते पाणी हा अडथळा आहे. पायथ्याच्या शेतकऱ्याच्या लेखी तो साठा आहे.