मालिका संपल्यावर म्याऊ करणारी मांजर : एमटीएमच्या लोगोची पूर्ण गोष्ट

‘टॉम अँड जेरी’ बघत मोठ्या झालेल्या प्रत्येकाला तो सिंह आठवत असेल. सोनेरी गोल चौकट, त्यातून डोकं बाहेर काढणारा सिंह आणि त्याची डरकाळी. हा सिंह एमजीएम या हॉलीवूडच्या स्टुडिओचा.

आता त्याच गोल चौकटीत सिंहाच्या जागी नारिंगी रंगाचं एक मांजराचं पिल्लू बसलंय अशी कल्पना करा. तेही तसंच तोंड उघडतं, पण आवाज येतो बारीकसा ‘म्याऊ’. वर अक्षरं असतात एमटीएम.

अमेरिकेत १९७० ते १९९०च्या दशकांत टीव्ही बघणाऱ्यांसाठी मालिका संपल्याची खूण म्हणजे हे म्याऊ. या मांजरीने कधी पोलिसाची टोपी घातली, कधी डॉक्टरचा मास्क लावला, आणि एकदा तर ती पडद्यावर मेलीसुद्धा. काय आहे ही गोष्ट?

एमटीएम म्हणजे कोण?

एमटीएम ही अभिनेत्री मेरी टायलर मूर यांच्या नावाची आद्याक्षरं. १९६०च्या दशकात ‘द डिक व्हॅन डाइक शो’मुळे त्या घराघरांत पोहोचल्या होत्या. १९६९ मध्ये त्यांनी आणि त्यांचे तेव्हाचे पती ग्रँट टिंकर यांनी ‘एमटीएम एंटरप्रायझेस’ ही निर्मिती कंपनी काढली.

कंपनीची पहिली मालिका होती ‘द मेरी टायलर मूर शो’. मिनियापोलिस शहरातल्या एका टीव्ही चॅनलच्या न्यूजरूममध्ये काम करणाऱ्या, लग्न न केलेल्या तिशीतल्या बाईची ही गोष्ट. सप्टेंबर १९७० मध्ये ती सीबीएसवर सुरू झाली आणि मार्च १९७७ मध्ये १६८ भागांनंतर संपली.

एमजीएम आणि एमटीएम यांत फरक एका अक्षराचा. तिकडे जंगलाचा राजा, म्हणून इकडे घरातली मनी. लोगोतला विनोद एवढाच होता. त्या पिल्लाचं नाव मिम्सी.

शेवटच्या लोगोला एवढं महत्त्व का?

तर त्यामागे पैशांचं गणित आहे.

तेव्हा अमेरिकेत एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या तीन नेटवर्कचं राज्य होतं. १९७० मध्ये तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने एक नियम आणला. नेटवर्कने दुसऱ्या कंपनीकडून मालिका घ्यावी, दाखवावी, पण त्या मालिकेच्या पुढच्या कमाईत हिस्सा मागायचा नाही आणि तिचे जुने भाग स्थानिक चॅनल्सना विकायचाही धंदा करायचा नाही. हा नियम ‘फिन-सिन’ या नावाने ओळखला जातो.

याचा फायदा एमटीएमसारख्या स्वतंत्र कंपन्यांना झाला. नेटवर्क फक्त दाखवण्याचे पैसे देणार, मालकी मात्र कंपनीकडेच. नंतर ते भाग गावोगावच्या चॅनल्सना विकून खरी कमाई करायची.

म्हणजे श्रेयनामावली संपल्यावर येणारा तो काही सेकंदांचा लोगो मालकाची सही होता. प्रेक्षक भाग सीबीएसवर बघत असला, तरी माल एमटीएमचा आहे हे तिथे कळायचं.

प्रत्येक मालिकेची वेगळी मांजर

एमटीएमने ही सही मालिकेप्रमाणे बदलायला सुरुवात केली.

• ‘द व्हाइट शॅडो’ (१९७८-८१) : शाळेच्या बास्केटबॉल संघाची गोष्ट. इथे मिम्सीसोबत उड्या मारणारा बास्केटबॉल असायचा.

• ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ (१९८१-८७) : पोलीस ठाण्यातली मालिका. मिम्सीच्या डोक्यावर पोलिसाची टोपी आली.

• ‘रेमिंग्टन स्टील’ (१९८२-८७) : पुढे जेम्स बाँड झालेल्या पिअर्स ब्रॉस्ननची गुप्तहेर मालिका. मिम्सी थेट शेरलॉक होम्सच्या थाटात, डोक्यावर टोपी आणि तोंडात पाइप. म्याऊ करायला तोंड उघडलं की पाइप खाली पडायचा.

• ‘सेंट एल्सव्हेअर’ (१९८२-८८) : बॉस्टनमधल्या एका हॉस्पिटलची गोष्ट. तरुण डेन्झेल वॉशिंग्टन यात डॉक्टर होता. मिम्सी ऑपरेशन थिएटरच्या कपड्यांत, तोंडाला मास्क लावून.

• ‘न्यूहार्ट’ (१९८२-९०) : इथे बदलला तो आवाज. मांजरीने तोंड उघडलं की नायक बॉब न्यूहार्ट आपल्या सपाट, निर्विकार आवाजात ‘म्याऊ’ म्हणायचा.

‘न्यूहार्ट’च्या शेवटच्या भागात तर आणखी गंमत झाली. मालिकेत डॅरिल नावाचे दोन भाऊ होते. दोघांचं नाव एकच, आणि आठ वर्षांत दोघंही एक शब्द बोलले नव्हते. मे १९९० मधल्या अखेरच्या भागात ते पहिल्यांदा तोंड उघडतात आणि आपल्या बायकांवर ‘गप्प बसा’ म्हणून ओरडतात. लोगो आला तेव्हा म्याऊच्या जागीही त्यांची हीच ओरड ऐकू आली. टीव्ही आधीच बंद केलेल्यांचा हा विनोद हुकला.

मांजर मेली तो दिवस

२५ मे १९८८ रोजी ‘सेंट एल्सव्हेअर’चा शेवटचा भाग दाखवला गेला. अमेरिकन टीव्हीवरच्या सर्वात जास्त वाद घातलेल्या शेवटांपैकी हा एक.

शेवटच्या दृश्यात कळतं की टॉमी वेस्टफॉल नावाचा एक ऑटिस्टिक मुलगा हातात काचेचा गोळा धरून बसलाय. हलवला की आत बर्फ पडतो, तसा गोळा. त्याच्या आत त्या हॉस्पिटलची इमारत आहे. म्हणजे सहा वर्षं लोकांनी पाहिलेलं ते हॉस्पिटल, ते डॉक्टर, ते मृत्यू, सगळं कदाचित एका मुलाच्या कल्पनेतलं.

पण भाग तिथे संपला नाही. काळ्या पडद्यावर श्रेयनामावली सुरू झाली. एरवी सगळ्यात शेवटी येणारी मिम्सी या वेळी सुरुवातीपासूनच पडद्यावर होती. ती आडवी पडलेली, सलाइन लावलेलं, शेजारी हॉस्पिटलचा मॉनिटर आणि त्याचं टिक टिक बीप. नावं सरकत राहिली, बीप चालू राहिलं. नावं संपता संपता मॉनिटरवरची रेषा सरळ झाली आणि तो एकसुरी लांब आवाज आला.

हॉस्पिटलच्या मालिकेचा याहून चोख शेवट काय असणार? खऱ्या मिम्सीचा मृत्यूही १९८८ मध्येच झाला.

एमटीएम एकटी नव्हती

ही कल्पना पुढे इतरांनीही आपापल्या पद्धतीने वापरली.

‘फॅमिली टाइज’ करणारे गॅरी डेव्हिड गोल्डबर्ग यांनी लोगोत स्वतःचा लॅब्रॅडॉर कुत्रा उबू ठेवला. त्याला ‘बस’ म्हणून सांगणारा आणि ‘शहाणा कुत्रा’ म्हणून शाबासकी देणारा आवाज, मग एक भुंकणं. उबू १९८४ मध्ये गेला, पण मालिकांच्या शेवटी तो पुढे कितीतरी वर्षं भुंकत राहिला.

‘बफी द व्हँपायर स्लेयर’च्या शेवटी कागदावर चितारलेला एक छोटा राक्षस गुरगुरत पडदा ओलांडून जायचा. निर्माता जॉस व्हेडनच्या म्युटंट एनिमी कंपनीचा हा लोगो. १९९८ मध्ये दुसऱ्या सीझनच्या अतिशय दुःखी शेवटानंतर गुरगुरण्याऐवजी हा राक्षस म्हणाला, ‘मला कुणीतरी मिठी मारा’. २००३ मध्ये मालिकाच संपली तेव्हा त्याने चालता चालता पहिल्यांदा प्रेक्षकांकडे वळून पाहिलं.

मग हे लोगो गेले कुठे?

पहिलं कारण, मालक बदलले. १९८८ मध्ये एमटीएम ब्रिटनच्या टीव्हीएस या कंपनीला विकली गेली. टीव्हीएसचा तिथला प्रक्षेपणाचा परवाना गेला आणि १९९३ मध्ये ती अमेरिकेच्या इंटरनॅशनल फॅमिली एंटरटेनमेंटकडे आली. १९९७ मध्ये ती कंपनी फॉक्सच्या समूहाने घेतली. २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सचा मोठा भाग विकत घेतला.

नवा मालक जुन्या भागांच्या शेवटी स्वतःचा लोगो लावतो. कधी जुन्यानंतर, कधी जुना झाकून. लोगोंचे चाहते या झाकण्याला ‘प्लास्टरिंग’ म्हणतात. जुन्या भिंतीवर गिलावा मारावा तसं. एमटीएमबाबत यातली अडचण लक्षात येते. साधा लोगो झाकला तर फक्त कंपनीचं नाव जातं. ‘न्यूहार्ट’चा झाकला तर शेवटचा विनोद जातो.

दुसरं कारण, वेळ. १९९४ पासून एनबीसीने श्रेयनामावली पडद्याच्या एका कडेला सारून उरलेल्या जागेत पुढच्या कार्यक्रमाच्या जाहिराती दाखवायला सुरुवात केली. प्रेक्षक चॅनल बदलू नये हा हेतू. इतर नेटवर्कनीही तेच केलं. फिन-सिन नियमही १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत गेला. त्यानंतर नेटवर्क स्वतःच्याच मालिका बनवू लागली आणि एमटीएमसारख्या कंपन्यांची जागा आक्रसत गेली.

तिसरं कारण तर रोजच्या सवयीचं आहे. स्ट्रीमिंगवर नावं सुरू झाली की चित्र छोटं होतं आणि पुढचा भाग काही सेकंदांत सुरू होतो.

‘सेंट एल्सव्हेअर’चा शेवटचा भाग असा पाहिला, तर काचेचा गोळा दिसेल आणि बर्फही पडेल. पण मांजर मेली हे कळणारच नाही. ती बघायची असेल तर काउंटडाउनच्या शेजारी ‘श्रेयनामावली पाहा’ असं एक बटण असतं, ते दाबून मिनिटभर थांबावं लागतं.