कोंबडीच्या खाद्यात शेवाळ

१९५२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मेरीलँड विद्यापीठातल्या जी. एफ. कॉम्ब्स यांचा छोटासा लेख आला. काही जीवनसत्त्वं मुद्दाम कमी ठेवलेल्या खाद्यात त्यांनी १० टक्के वाळवलेलं क्लोरेला हे एकपेशीय शेवाळ मिसळलं आणि पिल्लं चांगली वाढली. कोंबडीला शेवाळ चारण्याच्या शास्त्राची सुरुवात इथून धरायला हरकत नाही. परसातली कोंबडी डबक्याकाठचं हिरवं त्याआधीही टिपत असणारच. तिने लेख लिहिला नाही, एवढंच.

खरं तर क्लोरेला माणसाच्या ताटात यायचं होतं. महायुद्धानंतर वाढत्या लोकसंख्येला प्रथिनं कुठून पुरवायची, ही धास्ती होती. म्हणून कार्नेगी संस्थेने १९५१मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला एका गच्चीवर हे शेवाळ वाढवून पाहिलं. त्याची चव आणि वास लक्षात घेता संशोधक कोंबडीकडे वळले, हे बरंच झालं.

सगळ्यात धाडसी डोकं चाललं ते कॅलिफोर्नियात. बर्कलीचे विल्यम ऑस्वाल्ड आणि हॅरोल्ड गोटास यांनी सांडपाण्याच्या उथळ तळ्यांत शेवाळ वाढवलं. जिवाणू घाण कुजवतात. त्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन शेवाळ खातं आणि बदल्यात जिवाणूंना प्राणवायू देतं. पाणी साफ होतं, वर प्रथिनांचं पीक हाती येतं. १९५७मध्ये ग्राउ आणि क्लाइन यांनी हे पीक पिल्लांना चारलं. पिल्लांनी खाल्लंही.

घोडं अडलं ते शेवाळ तळ्यातून बाहेर काढताना. क्लोरेलाची पेशी काही मायक्रॉनची, साध्या गाळणीत सापडत नाही. तुरटी घालून साका खाली बसवावा, तर अ‍ॅल्युमिनियम खाद्यात उतरतं आणि फॉस्फरस अडवून धरतं. पेशीची भिंतही चिवट. ती फुटल्याशिवाय आतलं प्रथिन पुरतं पचत नाही. शिवाय वाळवायचा खर्च वेगळाच.

स्पिरुलिनाने यातलं बरंच सोपं केलं. खरं तर ते नीलहरित जिवाणू, पण व्यवहारात शेवाळच. त्याची लांब मळसूत्रं कापडातही गाळली जातात, भिंत मऊ असते आणि प्रथिन ६०-७० टक्के. चाड सरोवराकाठच्या बायका ते पिढ्यान् पिढ्या गोळा करून ‘दिहे’ नावाच्या वड्या वाळवतात. आपल्या लोणारच्या खाऱ्या पाण्यातही ते वाढतं. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेतल्या एल. व्ही. वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४मध्ये दाखवलं, की ब्रॉयलरच्या खाद्यातल्या फिशमीलऐवजी स्पिरुलिना दिलं तरी वाढीत फरक पडत नाही. मांसाचा रंग तेवढा गडद होतो.

तरीही ते पोल्ट्रीत प्रथिन म्हणून रुजलं नाही. कारण पोषणाचं नाही, भावाचं आहे. सोयापेंडीत प्रथिन ४५ टक्क्यांच्या आसपासच, पण ती ट्रकने येते आणि स्वस्तात येते. स्पिरुलिना आजही प्रामुख्याने माणसांच्या गोळ्यांच्या भावाने विकलं जातं. खाद्यात ते घातलंच तर चिमूटभर, बलक केशरी दिसावा म्हणून. २०२१मध्ये सोयापेंडीचे भाव भडकले, तेव्हा केंद्र सरकारने १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. म्हणजे उत्तर शोधलं ते पेंडीतच.