बाल्टिक समुद्राचा करार आणि ‘समुद्र’ या शब्दाची व्याप्ती

बाल्टिक समुद्रास जर्मन व स्वीडिश भाषांत ‘पूर्व समुद्र’ या अर्थाचे नाव आहे. एस्टोनियन भाषेत तोच ‘पश्चिम समुद्र’ होतो. फिनिश भाषेची तऱ्हा याहून निराळी. हा समुद्र फिनलंडच्या पश्चिमेस व दक्षिणेस पसरलेला असूनही तेथे तो ‘पूर्व समुद्र’च आहे, स्वीडिश नावाचे ते शब्दशः भाषांतर होय. प्रत्येकाने आपल्याच किनाऱ्यावरून समुद्राकडे पाहावे, ही वृत्ती नावांपुरती राहिली असती तर बिघडले नसते. त्याच्या प्रदूषणाकडेही दीर्घकाळ याच दृष्टीने पाहिले गेले.

या समुद्राची घडणच नाजूक आहे. सरासरी खोली सुमारे ५५ मीटर; महासागराशी संबंध काय तो डेन्मार्कलगतच्या अरुंद सामुद्रधुन्यांतून. पाण्याचा पूर्ण पालट होण्यास सुमारे तीस वर्षे लागतात. नद्यांचे हलके पाणी वर राहते, बाहेरून आलेले खारे व जड पाणी तळाशी बसते आणि ही दोन्ही सहजी मिसळत नाहीत. सांडपाणी व खते यांतील नायट्रोजन आणि फॉस्फरस यांवर शैवाल माजते. ते मरून तळाशी कुजते व तेथील प्राणवायू संपवते. अशा स्थितीत तळाच्या गाळातील जुना फॉस्फरसही पुन्हा पाण्यात येतो. म्हणजे एका पिढीने सोडलेली घाण पुढील पिढीच्या वाट्यास येते.

सन १९६६ मध्ये स्वीडिश रसायनज्ञ सोरेन येन्सन यांना, डीडीटीचे अवशेष शोधीत असता, मासे व समुद्रगरुड यांच्या शरीरांत पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल ही औद्योगिक द्रव्ये आढळली. धोका सर्वांस दिसू लागला, पण एकत्र बसणे सोपे नव्हते. किनाऱ्यावर दोन जर्मन राष्ट्रे होती आणि त्यांचे परस्परसंबंधच अनिश्चित होते. डिसेंबर १९७२ मध्ये त्या दोघांत तह झाला, तेव्हा वाट मोकळी झाली. २२ मार्च १९७४ रोजी डेन्मार्क, फिनलंड, पूर्व व पश्चिम जर्मनी, पोलंड, स्वीडन आणि सोव्हिएत संघ या सात राष्ट्रांनी हेलसिंकी येथे करारावर सह्या केल्या. करार १९८० मध्ये अंमलात आला. त्याची अधिकृत संहिता इंग्रजीत, म्हणजे सातांपैकी कोणाचीही नसलेल्या भाषेत, सिद्ध झाली. ही तडजोड शहाणपणाची म्हणावी लागेल.

जहाजे, नद्या, कारखाने, हवा अशा सर्व मार्गांनी येणारे प्रदूषण एकाच करारात आणणे ही मोठीच गोष्ट होती. परंतु खरी मेख व्याख्येत होती. ‘बाल्टिक समुद्रक्षेत्र’ या संज्ञेतून राष्ट्रांचे आंतरिक जलप्रदेश वगळले गेले. तेथेही कराराचे हेतू साधण्याचे आश्वासन प्रत्येकाने दिले खरे. पण सार्वभौमत्वास बाध न आणता! समुद्र सर्वांचा, खाडी मात्र ज्याची त्याची, असा याचा व्यवहारातील अर्थ. लेनिनग्राडसारख्या महानगराचे सांडपाणी १९७८ पर्यंत जवळजवळ प्रक्रियेवाचून वाहत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या वगळण्याची किंमत कळते.

९ एप्रिल १९९२ च्या नव्या करारात आंतरिक जलप्रदेश समाविष्ट झाले. त्याच वर्षी पाणलोट क्षेत्रातील १३२ प्रदूषणस्थळांची यादी तयार झाली. सोव्हिएत काळात सुरू होऊन रखडलेले सेंट पीटर्सबर्गचे नैर्ऋत्य सांडपाणी केंद्र शेजारी राष्ट्रांच्या व बँकांच्या साहाय्याने २००५ मध्ये पुरे झाले. लोहाचे क्षार मिसळून फॉस्फरस गाळाबरोबर खाली बसविण्याची रीत स्वीडनमध्ये १९७० च्या दशकातच रुळली होती. फिनलंडमधील जॉन नुर्मिनेन प्रतिष्ठानाच्या सहकार्याने ती २०११ पर्यंत पीटर्सबर्गच्या तिन्ही मोठ्या केंद्रांत आली. नवा शोध लागण्यापेक्षा तो शेजाऱ्याच्या हद्दीत पोहोचण्यासच अधिक काळ लागला, असे येथे दिसते.

विषारी द्रव्यांवरील बंदीनंतर समुद्रगरुडांची संख्या पुन्हा वाढली. तळाचा प्राणवायू मात्र परतलेला नाही. युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये इतर सदस्यांनी रशियासह होणाऱ्या अधिकृत बैठका थांबविल्या, आणि या आयोगाचे निर्णय तर सर्वसंमतीने घ्यावयाचे असतात. बाल्टिकला मिळणारी सर्वांत मोठी नदी नेवा. ती सेंट पीटर्सबर्गमधून वाहते.