रस्ता मोकळा करणारा परमवीर

कपिलधारची पोरं पहाटे भरतीसाठी पळताना दिसली की मला राम राघोबा राणे आठवतात. पोरांना फौज म्हणजे फक्त बंदूक वाटते. राणे कारवारजवळच्या चेंडियाचे. १९४० ला बॉम्बे इंजिनिअर्समध्ये लागले, रस्ते-सुरुंगाचं काम फौजेतच शिकले.

एप्रिल १९४८. नौशेरा-राजौरी रस्त्यावर शत्रूनं सुरुंग पेरलेले, पाइनची मोठाली झाडं आडवी पाडलेली. पहिल्याच दिवशी तोफगोळ्यांत राणेंची दोन माणसं गेली, ते स्वतः जखमी झाले. तरी मागं हटले नाहीत. रणगाड्याखाली सरपटत, दोर ओढून चालकाला 'थांब', 'चल' अशी खूण करत त्यांनी गाडा सुरुंगांतून काढला, असं सांगतात. ११ एप्रिलला सलग १७ तास काम! दुसऱ्या दिवशी आपले रणगाडे राजौरीत.

जिवंतपणी परमवीरचक्र मिळालेल्यांपैकी ते एक. मेजर म्हणून १९६८ ला निवृत्त झाले, १९९४ ला पुण्यात वारले. आपल्याकडं किती जणांना नाव माहीत आहे, सांगा बरं?

सिव्हिलचा डिप्लोमा करून घरी बसलेल्यांनो, सॅपरची भरतीपण बघा. त्यांचं केंद्र पुण्यात, खडकीलाच आहे.