मोशेच्या मरणाचं कोणी लिहिलं?

पणजीची ही गोष्ट आमच्याकडे चौघांनी चार तऱ्हांनी सांगितली आहे. पणजी म्हणजे छपनियाच्या दुष्काळात, १९०० साली, गुजरातेतून केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात आलेली अनाथ पोर. तिथंच ती मराठी शिकली आणि पुढे छापखान्यात खिळे जुळवू लागली. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणायला घेतलं होतं, आणि जुळवणी, छपाई सारं मुक्तीतल्या बायकाच करायच्या. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. ते एकेक करून बसवताना वाचणाऱ्याला घाई करताच येत नाही. पणजी म्हणे, उपासनेत ऐकलेलं वाऱ्यावर जातं, पण जुळवलेलं बोटांत राहतं.

तर बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा शेवटचा अध्याय तिच्या हातात होता. मोशे डोंगरावर मेला, त्याला खोऱ्यात पुरलं, लोकांनी तीस दिवस शोक केला, त्याची कबर आजपर्यंत कुणाला ठाऊक नाही, त्याच्यासारखा संदेष्टा पुन्हा झाला नाही. बायबलातली पहिली पाचही पुस्तकं मोशेनं लिहिली, असं तिला शिकवलेलं. तिनं शेजारणीला विचारलं, “अगं, मग हे कोणी लिहिलं?”

पुढं काय झालं, इथं आमचे चार सांगणारे वेगळे होतात. आजीच्या सांगण्यात देखरेखीची बाई रागावते. मोठ्या मावशीच्या सांगण्यात ती हसते आणि म्हणते, यहोशवानं. मामाच्या मते प्रश्न पणजीचा नव्हेच, शेजारणीचा. आणि धाकट्या मावशीच्या गोष्टीत उत्तर द्यायला खुद्द रमाबाई येतात. ही मावशी सगळ्यात लहान, पणजी गेली तेव्हा परकरात होती. रमाबाईंचं नाव मागाहून चिकटलं असणार. थोरामोठ्यांचं नाव लागलं की गोष्टीला वजन येतं.

मोठ्या मावशीचा ‘यहोशवा’, म्हणजे मोशेचा वारस, मात्र हवेतला नाही. शेवटची आठ वचनं यहोशवाची, असं एक मत यहुद्यांच्या तालमूदमध्येच नोंदलेलं आहे. म्हणजे पणजीचा प्रश्न तिच्या कितीतरी शतकं आधी जाणत्या रब्बींना पडला होता, आणि त्यासाठी कुणी त्यांना पाखंडी ठरवलं नव्हतं.

शुभवर्तमानांचीही गत अशीच. ती ज्यांच्या नावावर आहेत त्या चौघांपैकी एकाच्याही मजकुरात ‘मी मत्तय’ किंवा ‘मी लूक’ असं म्हटलेलं नाही. ही नावं दुसऱ्या शतकात रूढ झालेली दिसतात. साधारण १८० साली इरेनियस हा ख्रिस्ती धर्मगुरू ठासून सांगतो, शुभवर्तमानं चारच, आणि ती याच चौघांची. अभ्यासक मार्काचं सर्वांत जुनं मानतात, इसवी सन ७० च्या आसपासचं. त्याच्या ६६१ वचनांपैकी सुमारे ६०० वचनांचा मजकूर मत्तयात उतरला आहे. मत्तय जर स्वतः येशूबरोबर हिंडलेला शिष्य, तर जो शिष्यच नव्हता त्या मार्काचं त्यानं इतकं का उचलावं? मला तरी याचं समाधानकारक उत्तर कुणी दिलेलं नाही.

आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका मिशन शाळेत मास्तर होते. असल्या प्रश्नांत त्यांचा माणूस कोलेन्सो. कोलेन्सो दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताचा बिशप, पण त्याआधी अंकगणिताच्या पुस्तकांसाठी इंग्लंडभर गाजलेला. झुलू भाषेत बायबल आणताना त्याचा झुलू सहकारी विल्यम न्गिदी यानं जलप्रलयाच्या गोष्टीपाशी त्याला अडवलं: हे सगळं खरंच झालं का? कोलेन्सोला ‘हो’ म्हणवेना. मग त्यानं मोशेची पाच पुस्तकं गणित्याच्या नजरेनं तपासली आणि १८६२ पासून ते भाग छापायला सुरुवात केली.

त्यातलं एक उदाहरण आजोबा आम्हा नातवंडांना पाटीवर घालायचे. सारी मंडळी दर्शनमंडपाच्या दाराशी जमली, असं ‘लेवीय’ हे पुस्तक म्हणतं. मंडप रुंदीला अठरा फूट. गणनेत मोजलेले पुरुष ६,०३,५५०. एका ओळीत नऊ जण, दोन ओळींत अंतर दीड फूट, तर शेवटचा माणूस दारापासून किती लांब? उत्तर एक लाख फुटांच्या वर, जवळजवळ वीस मैल! आम्ही हसायचो. आजोबा हसत नसत. “आता त्याला मोशेचं बोलणं ऐकू कसं येणार, ते सांगा,” म्हणायचे.

१८६३ मध्ये केपटाऊनच्या बिशपनं कोलेन्सोला पदावरून काढलं. १८६५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तो निकाल रद्द ठरवला. १८८३ मध्ये मरेपर्यंत तो स्वतःला बिशपच म्हणवत राहिला. आजोबाही रविवारी उपदेश करतच राहिले. हिशेब एकीकडे, प्रार्थना एकीकडे, असं काही त्यांनी कधी मानलं नाही.

आमच्या घरात रमाबाईंविषयी मात्र बोलताना आवाज आपोआप खाली येई, जणू त्यांनी कधी शंका घेतलीच नाही. १९७७ साली त्यांचा पत्रव्यवहार छापून आला आणि वेगळीच बाई समोर आली. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षं त्या तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी मुद्द्यामुद्द्यावर वाद घालत होत्या. त्रैक्य पटत नाही, अथनेशियन मतांगीकार म्हणवत नाही. ख्रिस्त मान्य, पण त्याच्या वतीनं बोलणाऱ्या धर्मगुरूंचा शब्द निमूट मानायचा, हे अमान्य. जेराल्डीनला यात गर्व दिसला. रमाबाई पुढे शास्त्रापुढे पुरत्या नमल्या, हे खरं. पण ते शास्त्र त्यांनी मूळ भाषांत स्वतः वाचलं, आणि त्यांचं संपूर्ण मराठी बायबल निघालं ते १९२४ साली, त्या गेल्यावर दोन वर्षांनी.

ही पत्रं मी आजीला वाचून दाखवली. रोज रात्री अध्याय वाचल्याशिवाय न झोपणारी ती बाई दुखावेल, अशी मला धास्ती होती. चष्मा कपाळावर सारून ती ऐकत राहिली. जेराल्डीनचं उत्तर आलं तशी मला थांबवून म्हणाली, “भटांना सोडून आलेली ती. पाद्र्यांच्या ओंजळीनं पाणी प्यायला आली होती होय?”