छिन्नमानस : दीर्घकालीन औषधोपचार

विचार, भावना व वास्तवाचे भान यांतील मेळ तुटणे, हे छिन्नमानस (स्किझोफ्रेनिया) या विकाराचे मुख्य लक्षण होय. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यावर दीर्घकाळ देता येईल असे परिणामकारक औषध नव्हते. वेडा ठरविलेल्या व्यक्तीस वर्षानुवर्षे बंदिस्त ठेवणे, हाच बहुधा उपाय असे. राजपदही यातून सुटका करू शकत नसे. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी (१८६३–८३) हे १८७१ मध्ये दत्तक आले. पुढे त्यांना मनोरुग्ण ठरवून गोऱ्या पहारेकऱ्यांच्या देखरेखीखाली ठेवण्यात आले. त्यांच्या छळाबद्दल केसरी व मराठा या पत्रांनी केलेल्या आरोपांवरून कारभारी माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगर येथे ग्रीन या पहारेकरी शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर महाराजांचे निधन झाले. त्यांना नेमका कोणता विकार होता, किंबहुना तो होता की नाही, याविषयी मतभेद आहेत. उपचार म्हणून जे झाले तो मात्र निव्वळ बंदिवास होता.

सर्पगंधेचा उन्मादावरील उपयोग गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये नोंदविला होता. तिच्यातील रेसर्पीन १९५२ मध्ये वेगळे करण्यात आले. पण रक्तदाब फार उतरणे व खिन्नता यांमुळे ते मागे पडले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये डिले व डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझीन वापरले आणि कोठड्यांची कुलपे निघू लागली.

ही औषधे विकार समूळ घालवीत नाहीत, दाबून धरतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलित अभ्यासात वर्षभरात विकार उलटण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत २७ टक्के, तर निरौषधी गोळी घेणाऱ्यांत ६४ टक्के आढळले. उलटपक्षी, दीर्घ सेवनाने ओठ, जीभ व जबडा यांच्या अनैच्छिक हालचाली जडतात आणि त्या कधीकधी औषध थांबवूनही जात नाहीत. नव्या औषधांत हा दोष कमी असला, तरी वजन व रक्तशर्करा वाढते. नेदर्लंड्समधील पाहणीत (२०१३) विकाराच्या पहिल्या झटक्यातून सावरल्यावर ज्यांची मात्रा लवकर घटविली, त्यांपैकी सु. ४० टक्के रुग्ण सात वर्षांनंतर पूर्ववत झालेले दिसले. औषध तसेच चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण सु. १८ टक्के होते. रुग्ण अवघे १०३ असल्याने त्यावरून सर्वांना नियम लावणे धाडसाचे ठरेल. मात्रा घटवावयाची झाल्यास ती वैद्याच्या देखरेखीखाली, सावकाश घटवावी लागते. एकाएकी औषध सोडल्यास विकार उलटण्याचा धोका मोठा असतो.

भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मनोरुग्णास साखळदंडाने बांधण्यास मनाई केली असून, आपणांस कोणता उपचार हवा वा नको हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकारही दिला आहे.